मध्ययुगीन रोमन व कॅनन कायद्यातील गृहीतके

गृहीतक (लॅटिनमध्ये प्रेसुम्प्तिओ) म्हणजे शाबीत झालेल्या एका गोष्टीवरून शाबीत न झालेली दुसरी गोष्ट खरी मानण्याची कायद्याने अथवा न्यायाधीशाने केलेली व्यवस्था. मूल विवाहकाळात जन्मले एवढे सिद्ध झाले, की पती हाच त्याचा पिता असे धरले जाते. पितृत्वाचा वेगळा पुरावा मागितला जात नाही. अशी विखुरलेली उदाहरणे प्राचीन रोमन कायद्यात आढळतात. त्यांची प्रतवारी लावून एक सुसंगत सिद्धांत मांडण्याचे काम मात्र बाराव्या ते सोळाव्या शतकांतील युरोपीय पंडितांनी केले. या पंडितांचे दोन वर्ग होते. एक युस्तिनियान सम्राटाच्या संहितेवर भाष्य करणाऱ्या रोमन कायद्याच्या अभ्यासकांचा आणि दुसरा कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या कायद्याच्या अभ्यासकांचा. या दोहोंच्या मिश्रणातून सिद्ध झालेली न्यायपद्धती इतिहासकार ‘रोमन-कॅनन पद्धती’ या नावाने ओळखतात. आजच्या बहुतेक देशांच्या पुरावाविषयक कायद्यांत गृहीतकांचे जे वर्गीकरण दिसते त्याची मुळे या पद्धतीत आहेत.

संकल्पना

न्यायालयापुढे आलेला वाद अनिर्णित ठेवता येत नाही. इतिहासकाराला ‘याविषयी काही सांगता येत नाही’ असे लिहून थांबता येते. न्यायाधीशाला ती सवलत नाही. दोन्ही पक्षांचा पुरावा संपला आणि तरीही खरे काय ते कळले नाही, तर कोणाला तरी हरवावेच लागते. कोणाला हरवावे हे ठरवणारा सर्वसाधारण नियम म्हणजे शाबितीचा भार. जो विधान करतो त्याने ते शाबीत करावे, नाकारणाऱ्यावर तो भार नाही, हे तत्त्व रोमन विधिज्ञ पाउलुस याच्या नावावर नोंदलेले आहे. गृहीतक हा या नियमाला दिलेला एक छेद होय. ते ज्याच्या बाजूने असते त्याच्या खांद्यावरचा भार उतरतो आणि प्रतिपक्षाच्या खांद्यावर जातो.

गृहीतकाची विधिकल्पिताशी (लॅटिनमध्ये फिक्तिओ) गल्लत होऊ नये यासाठी मध्ययुगीन भाष्यकार बरेच जपत असत. शत्रूच्या कैदेत मरण पावलेला रोमन नागरिक पकडला गेला त्याच क्षणी मरण पावला, असे एका प्राचीन रोमन कायद्यान्वये धरले जाई. त्यामुळे त्याचे मृत्युपत्र वैध ठरे. तो त्या क्षणी जिवंत होता हे सर्वांना ठाऊक असे. कायदा जाणूनबुजून असत्य मान्य करीत होता. हे विधिकल्पित. गृहीतकात मात्र सत्य काय ते ठाऊक नसते आणि कायदा संभवनीय बाजूला कौल देतो. ही सीमारेषा कागदावर स्पष्ट असली तरी व्यवहारात ती पुसट होत गेली, असे पुढील वर्णनावरून दिसेल.

प्राचीन रोमन पार्श्वभूमी

युस्तिनियान सम्राटाच्या आज्ञेने इ.स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या संकलनाच्या बाविसाव्या ग्रंथातील तिसऱ्या प्रकरणाच्या शीर्षकात पुरावा आणि गृहीतके हे दोन्ही शब्द जोडीने येतात. शीर्षकात जोडी असली तरी आतील उताऱ्यांत गृहीतकांची व्याख्या नाही की प्रकारही नाहीत. रोमन विधिज्ञांचा पिंड सिद्धांत मांडण्याचा नव्हता; प्रकरण पुढे आले की ते निवाडा देत आणि पुढच्या प्रकरणाकडे वळत. या निवाड्यांपैकी काही पुढे फार गाजले.

इ.स.पू. ९५ मध्ये कॉन्सल असलेला क्विंतुस मुकियुस स्केव्होला याच्या नावाने ओळखले जाणारे ‘मुकियुसचे गृहीतक’ त्यांपैकी एक. विवाहित स्त्रीकडे असलेली एखादी वस्तू कोठून आली हे सांगता येत नसेल, तर ती पतीकडूनच आली असे धरावे, हा त्याचा आशय. यामागील कारण असे दिले होते, की असे मानणे अधिक संभवनीय आहे आणि अधिक शोभनीयही आहे. त्यामुळे स्त्रीने ते धन लज्जास्पद मार्गाने मिळवले असा संशय टळतो. वरवर पाहता हे स्त्रीच्या अब्रूचे रक्षण आहे. परंतु पतीने पत्नीला दिलेले दान रोमन कायद्यात सामान्यतः अवैध असल्यामुळे प्रत्यक्षात वस्तू पतीकडे किंवा त्याच्या वारसांकडे जाई. अब्रू राखली जाई आणि धन जाई.

दुसरा निवाडा न लागू असलेले पैसे दिल्याबद्दलचा आहे. देणे नसताना चुकून पैसे दिले म्हणून ते परत मागणाऱ्याने ते देणे नव्हते हे शाबीत करावे. कारण आपला पैसा उधळून टाकण्याइतका निष्काळजी कोणी नसतो. परंतु परत मागणारा अज्ञान बालक, स्त्री, सैनिक किंवा शेतकरी असेल, अथवा कोर्टकचेरीच्या व्यवहाराशी अपरिचित असा साधाभोळा असेल, तर उलट पैसे घेणाऱ्यानेच ते देणे खरे होते हे दाखवावे. माणसे सामान्यतः कशी वागतात या अनुभवावर गृहीतक उभे असते, आणि अनुभव वेगळा असेल तेथे ते उलटे फिरते, ही जाण या उताऱ्यात आहे. कर्जरोखा रद्द केलेला आढळल्यास ऋणको मुक्त झाला असे गृहीत धरावे, तथापि धनकोने स्पष्ट पुराव्याने बाकी दाखवल्यास ती त्याला मिळावी, असे विधिज्ञ मोदेस्तिनुस याने नोंदवले आहे. उलट पुराव्याने ढळणाऱ्या गृहीतकाचे हे स्वच्छ उदाहरण म्हणून मध्ययुगात ते पुन्हापुन्हा उद्धृत होत असे.

एकाच दुर्घटनेत अनेक नातलग दगावले तर कोण आधी गेला, हा वारसाहक्काच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असतो. आई आणि मुलगा जहाज बुडून मरण पावले, तर वयात न आलेला मुलगा आधी मेला आणि वयात आलेला मुलगा आईनंतर मेला, असे धरावे, हा नियम डायजेस्टमध्ये आहे. शरीरबळाचा विचार त्यामागे असावा. पण मुलगा नंतर मेला असे मानणे अधिक ‘मानवी’ आहे, असा शब्दही तेथे येतो. तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. गृहीतक हे केवळ संभाव्यतेचे गणित नसून काय मानलेले बरे याचाही विचार त्यात मिसळलेला असतो, हे यातून दिसते.

दिव्याकडून पुराव्याकडे

रोमन साम्राज्याच्या पश्चिमेकडील भागाचा अस्त झाल्यानंतर अनेक शतके युरोपातील न्यायदान शपथा आणि दिव्ये यांवर चालत होते. तापलेले लोखंड हातात धरणे, उकळत्या पाण्यात हात घालणे, बांधून पाण्यात सोडणे ही त्यांची रूपे. मराठेशाहीच्या कागदपत्रांतून ‘दिव्य’ हा शब्द मराठी वाचकांना परिचित आहेच. दिव्यात गृहीतकांना फारसे स्थान नसते, कारण माणसाने तर्क करण्याची गरजच उरत नाही. निर्णय ईश्वराकडे सोपवलेला असतो.

१२१५ मध्ये पोप इनोसंट तिसरा याने भरवलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना दिव्याच्या विधीत भाग घेण्यास मनाई केली. धर्मगुरूच्या आशीर्वादाशिवाय दिव्याला अर्थ नव्हता, त्यामुळे ही प्रथा हळूहळू लयाला गेली. मागे राहिलेली पोकळी इटलीतील बोलोन्या येथे अकराव्या शतकाच्या अखेरीपासून चाललेल्या अभ्यासाने भरून काढली. इर्नेरिअस व त्याच्या शिष्यपरंपरेने डायजेस्टच्या ओळीओळीवर टिपा लिहिल्या. आक्कुर्सिउस याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या सर्वांचे एक प्रमाण भाष्य केले. या टिपाकारांनी पुराव्याची एक काटेकोर मोजपट्टी तयार केली. दोन निर्दोष साक्षीदारांची एकमुखी साक्ष म्हणजे पूर्ण पुरावा. एका साक्षीदाराची साक्ष म्हणजे अर्धा पुरावा. कबुलीजबाब हा पूर्ण पुराव्याच्या तोडीचा. आजच्या वाचकाला ही अंकगणिती पद्धत हास्यास्पद वाटू शकते. परंतु न्यायाधीशाच्या मर्जीला वेसण घालणे हा तिचा हेतू होता आणि दिव्याच्या तुलनेत ते मोठे पाऊल होते.

या मोजपट्टीत बसत नव्हते ते सगळे ‘गृहीतके’ आणि ‘चिन्हे’ या सदरात गेले. अफवा, आरोपीचा फिकुटलेला चेहरा, पळून जाणे, जुने वैर, रात्री त्या घराजवळ दिसणे या सर्वांना किती वजन द्यायचे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

प्रतवारीचे प्रयत्न

या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर प्रथम कॅनन पंडितांच्या लेखनातून पुढे आले. याचे कारण त्यांच्या न्यायालयांत येणाऱ्या वादांच्या स्वरूपात होते. विवाहाची संमती, व्यभिचार, पाखंड, धर्मगुरूचे खाजगी वर्तन या गोष्टींना दोन साक्षीदार क्वचितच असतात. बोलोन्या येथील अध्यापक तांक्रेद याच्या १२१६ च्या सुमारास लिहिलेल्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात गृहीतकांचे चार प्रकार सांगितले आहेत. पहिले अविचारी, म्हणजे आकसाने किंवा क्षुल्लक संशयाने केलेले, ज्याला न्यायालयाने थारा देऊ नये. दुसरे संभवनीय, त्यावरून शिक्षा होत नाही, पण संशयिताला आपल्या चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या सहकाऱ्यांसह शपथ घेऊन स्वतःला शुद्ध करून घ्यावे लागते. तिसरे प्रबळ (व्हिओलेन्ता), ज्यावरून निकाल देता येतो. चौथे अनिवार्य, जे कायद्यानेच लादलेले असते.

प्रबळ गृहीतकाचे ठरलेले उदाहरण पोप ग्रेगरी नववा याच्या आज्ञेने पेन्याफोर्तचा रेमंड याने संकलित केलेल्या आणि १२३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीबेर एक्स्त्रा’ या संहितेत आहे. तिच्या दुसऱ्या ग्रंथातील तेविसावे प्रकरण संपूर्णपणे गृहीतकांना वाहिलेले आहे. स्त्री-पुरुष एकांतात, विवस्त्र, एकाच शय्येवर आढळले, तर प्रत्यक्ष संबंध कोणी पाहिला नसला तरी व्यभिचार शाबीत धरावा, असा निर्णय तेथे येतो. त्याच प्रकरणात बायबलमधील सोलोमन राजाच्या निवाड्याचाही समावेश केला आहे. एका मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांपुढे राजाने तलवार मागवली; जिने मूल दुसरीला देऊन टाका म्हणून आक्रोश केला तीच खरी माता ठरली. ही कथा नीतिकथा म्हणून सर्वांना ठाऊक असते. संहिताकाराने ती विधिज्ञाच्या नजरेने वाचली. साक्षीदार नाहीत आणि दस्त नाही. केवळ मातृवात्सल्याच्या स्वाभाविक धर्मावरून काढलेले अनुमान आहे, आणि त्यावर अंतिम निकाल दिला आहे.

गृहीत विवाह

गृहीतकाचे सामर्थ्य आणि त्यातील अडचण दोन्ही सर्वाधिक ठळकपणे दिसतात ती विवाहाच्या कायद्यात. मध्ययुगीन कॅनन कायद्यानुसार विवाहाला ना पुरोहित लागे ना साक्षीदार. वधूवरांची परस्परसंमती पुरेशी असे. वर्तमानकाळी शब्दांत संमती दिली की विवाह तत्काळ होई. ‘मी तुझ्याशी विवाह करीन’ असे भविष्यकाळी शब्द असतील तर तो केवळ वाङ्निश्चय ठरे. परंतु वाङ्निश्चयानंतर त्या दोघांचा शरीरसंबंध आला, तर तो पापबुद्धीने नव्हे तर पतिपत्नीभावनेने आला असे धरले जाई आणि विवाह पूर्ण झाला असे मानले जाई. यालाच ‘गृहीत विवाह’ म्हणत.

हे गृहीतक उलट पुराव्याने मोडता येते काय? पोप ग्रेगरी नववा याने एका आदेशात याचे उत्तर नकारार्थी दिले. एका पुरुषाने एका स्त्रीला विवाहाचे वचन दिले, तिच्याशी संबंध ठेवला आणि नंतर चर्चमध्ये रीतसर दुसरीशी लग्न लावले. त्याने पहिलीकडे परत गेले पाहिजे, पहिला विवाह गृहीत असला तरी त्याविरुद्ध पुरावा घेतला जाणार नाही आणि दुसरा विवाह हा विवाहच नव्हे, असा तो निर्णय होता. उलट पुराव्याची दारे इतक्या स्पष्ट शब्दांत बंद करणारा हा आदेश पुढील सर्व चर्चेचा आधार बनला.

त्याचा सामाजिक अर्थ उघड आहे. लग्नाचे आमिष दाखवून स्त्रीला फसवणाऱ्या पुरुषाला ‘माझ्या मनात लग्न नव्हतेच’ हा बचाव मिळू नये, अशी ही तरतूद होती. मनात काय होते हे शोधण्याचे साधन न्यायालयाकडे नव्हते, आणि शोधू दिले असते तर प्रत्येकाने तेच म्हटले असते. दुसऱ्या बाजूला, चर्चच्या दारात सर्वांसमक्ष लग्न झालेली, पूर्ववृत्त ठाऊक नसलेली दुसरी स्त्री एका निकालाने पत्नी राहत नसे. अशा सद्भावनेने झालेल्या विवाहातील मुलांना औरस मानण्याचा वेगळा नियम कॅनन कायद्याने केला होता, एवढीच काय ती तिची भरपाई.

याहून खोल अडचण धर्मशास्त्राची होती. संमती हाच विवाहाचा प्राण असेल आणि त्या पुरुषाने मनापासून संमती दिलीच नसेल, तर ईश्वराच्या दृष्टीने विवाह झालेला नाही. मग न्यायालय त्याला ज्या स्त्रीबरोबर राहायला भाग पाडते तिच्याशी त्याचा संबंध पापच ठरेल. पंडितांनी यातून मार्ग काढला तो दोन न्यायासने मानून. बाह्य न्यायासन म्हणजे धर्मसंस्थेचे न्यायालय, जे दिसते त्यावरून निर्णय देते; आंतरिक न्यायासन म्हणजे सदसद्विवेक आणि पापनिवेदन, जेथे सत्य तेवढे चालते. अशाच स्वरूपाच्या पेचावर पोप इनोसंट तिसरा याने म्हटले होते, की आपल्या विवाहात अडथळा आहे हे ज्याला निश्चित ठाऊक आहे त्याने बहिष्काराची शिक्षा नम्रपणे सोसावी, पण पाप करू नये. म्हणजे न्यायालय आज्ञा देण्यात चुकत नाही आणि ती मोडणाराही चुकत नाही. विधिशास्त्राच्या इतिहासात इतका प्रामाणिक आणि इतका अवघड तोडगा क्वचितच सापडतो.

बेपत्ता पती

धर्मयुद्धांच्या काळात कैदेत पडलेले अथवा यात्रेला जाऊन न परतलेले पुरुष बरेच होते. पतीची सात वर्षांहून अधिक काळ वाट पाहिलेल्या स्त्रियांनी पुनर्विवाह करावा काय, असा प्रश्न पोप क्लेमंट तिसरा (कारकीर्द ११८७ ते ११९१) याच्याकडे आला. पतीच्या मृत्यूची निश्चित वार्ता येईपर्यंत, मग कितीही वर्षे लोटोत, त्यांना विवाह करता येणार नाही, असे उत्तर त्याने दिले. येथे गृहीतक जीविताच्या बाजूने होते. युस्तिनियानाने सहाव्या शतकात सैनिकांच्या पत्नींसाठी, तुकडीतील अधिकाऱ्यांनी शपथेवर मृत्यू सांगितल्यानंतर एक वर्ष थांबण्याचा नियम केला होता. त्यातही शपथेवरील निश्चिती आवश्यकच होती.

मालमत्तेच्या वादांत रोमन कायद्याच्या पंडितांना जीविताच्या गृहीतकाची मर्यादा सापडली ती एका भलत्याच ठिकाणी. नगरसंस्थेला दिलेला उपभोगाचा हक्क किती काळ चालावा याविषयी बोलताना डायजेस्टने शंभर वर्षांची मुदत सांगितली होती, कारण माणसाचे दीर्घतम आयुष्य तेवढे असते. त्यावरून बेपत्ता माणूस शंभराव्या वर्षापर्यंत जिवंत आहे असे धरावे, असा नियम काढला गेला. इतरांनी बायबलमधील एका स्तोत्राच्या आधारे ही मर्यादा सत्तर वर्षांवर आणली. मधल्या काळात वारसांनी आणि पत्नीने काय करायचे, याची चिंता ग्रंथांपेक्षा स्थानिक रूढींनीच अधिक वाहिली.

व्याजाचा संशय

व्याज घेणे हे धर्मसंस्थेच्या दृष्टीने पाप असल्यामुळे कर्जाला खरेदीचे रूप देण्याच्या अनेक युक्त्या प्रचलित होत्या. जमीन विकायची, पैसे परत केल्यास ती परत मिळेल अशी अट घालायची आणि दरम्यान उत्पन्न खरेदीदाराने खायचे, ही त्यांतील नेहमीची. किंमत वाजवीपेक्षा फारच कमी आहे, परतखरेदीची अट आहे आणि खरेदीदार सावकारी करणारा म्हणून प्रसिद्ध आहे, अशी चिन्हे एकत्र आली तर व्यवहार विक्रीचा नसून व्याजी कर्जाचा आहे असे धरावे, असा विचार कॅनन पंडितांनी मांडला. महाराष्ट्रातील शर्तीच्या खरेदीखतांचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही चिन्हे ओळखीची वाटतील.

फौजदारी खटल्यांतील गृहीतके

बंद घरातून एक माणूस रक्ताळलेली तलवार हातात घेऊन, भेदरलेल्या चेहऱ्याने बाहेर पडताना दिसतो. आत नुकताच भोसकलेला मृतदेह सापडतो. घरात दुसरे कोणी नाही. प्रहार होताना कोणी पाहिलेले नाही. त्याला देहदंड द्यावा काय? हे उदाहरण मध्ययुगीन ग्रंथांत शतकानुशतके फिरत राहिले. इंग्लंडमधील तेराव्या शतकातील ‘ब्रॅक्टन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात प्रेताजवळ रक्ताळलेल्या सुरीसह पकडलेल्याला बचावाची संधीच नाही, असे म्हटले आहे. युरोप खंडावरील पंडित मात्र कचरत होते. चौथ्या शतकातील एका रोमन आदेशानुसार फिर्यादीचा पुरावा प्रकाशाहून स्वच्छ असावा लागे. याच आदेशात निःसंशय चिन्हांनाही पुरावा म्हणून मान्यता होती. या शब्दांचा अर्थ लावण्यात आल्बेर्तो गांदिनो याच्यासारख्या फौजदारी कायद्यावरील लेखकांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस बरीच शाई खर्च केली. दोषी सुटला तरी चालेल, पण केवळ संशयावरून निर्दोष माणसाला शिक्षा होऊ नये, असे सम्राट त्रायान याचे मत डायजेस्टमध्ये नोंदलेले होते. त्यामुळे केवळ गृहीतकांवरून देहदंड देऊ नये, याकडे बहुमत झुकले.

या सावधगिरीचा परिणाम मात्र भयंकर झाला. दोन साक्षीदार नाहीत आणि गृहीतके प्रबळ असली तरी शिक्षेला पुरेशी नाहीत. मग उरतो कबुलीजबाब. तो मिळवण्यासाठी आरोपीला यातना देण्याची मुभा कायद्याने दिली आणि यातना देण्यास पुरेसा आधार म्हणून अर्धा पुरावा किंवा प्रबळ गृहीतके चालतील असे ठरवले. निर्दोष माणसाला फासावर चढवण्याइतके बळ ज्या संशयात नाही असे पंडितांनी ठरवले, त्याच संशयाला त्याचे सांधे उखडण्याचे बळ दिले गेले. सम्राट पाचवा चार्ल्स याने १५३२ मध्ये जारी केलेल्या ‘कारोलिना’ या फौजदारी संहितेच्या बाविसाव्या कलमात हीच व्यवस्था आहे. केवळ चिन्हांवरून अंतिम शिक्षा देता येत नाही, यातना देता येतात. पुढे यातनांना पर्याय म्हणून, पुरावा अपुरा असल्यास देहदंडाऐवजी सौम्य शिक्षा देण्याची प्रथा काही ठिकाणी रुळली. पाखंडाच्या चौकशीत संशयाच्या हलका, तीव्र आणि प्रबळ अशा तीन पायऱ्या मानल्या जात. बहिष्कृत संशयिताने वर्षभरात स्वतःला शुद्ध करून घेतले नाही तर त्याला पाखंडी ठरवावे, असा लॅटरन परिषदेचा नियम होता. मौन हाच तेथे पुरावा ठरे.

निर्दोषत्वाचे गृहीतक

दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष धरला जातो, हे तत्त्व आधुनिक काळाची देणगी आहे असा समज सार्वत्रिक आहे. तथापि या अर्थाचे वाक्य कार्डिनल झां लेमुआन (मृत्यू १३१३) या फ्रेंच कॅनन पंडिताच्या भाष्यात आढळते. पॅरिसमधील एका भुयारी रेल्वे स्थानकाला आज त्याचे नाव आहे. ते मात्र त्याने स्थापलेल्या विद्यालयावरून तेथील रस्त्याला मिळालेल्या नावामुळे. पोप बोनिफेस आठवा याच्या समन्सविषयक आदेशावर टीका लिहिताना लेमुआनने प्रश्न उपस्थित केला, की पोप एखाद्याला न बोलावताच दोषी ठरवू शकतो काय. त्याचे उत्तर बायबलमधून येते. आदमने आज्ञाभंग केल्याचे ईश्वराला ठाऊक होते, तरीही त्याने आदमला हाक मारली, विचारले आणि त्याचे म्हणणे ऐकले. सर्वज्ञाने जर समन्स काढले, तर पोपाला ते टाळता येत नाही. याच ओघात निर्दोषत्वाचे वाक्य येते. म्हणजे लेमुआनला अभिप्रेत होता तो मुख्यतः ऐकून घेतले जाण्याचा हक्क. आदमच्या या ‘खटल्या’चा दाखला त्याच्यापूर्वी बाराव्या शतकातील पाउकापालेया आदी कॅनन पंडितांनीही दिला होता.

याच बोनिफेसच्या १२९८ मधील ‘लीबेर सेक्स्तुस’ या संहितेच्या शेवटी ८८ विधिसूत्रे जोडलेली आहेत. त्यांतील आठवे सूत्र एकदा वाईट ठरलेला माणूस नेहमीच वाईट धरावा, असे सांगते. टीकाकारांनी ते ‘त्याच जातीच्या दुष्कृत्यापुरते’ असे आखडते घेतले. चोर ठरलेला माणूस त्यामुळे व्यभिचारी ठरत नाही. तरीही एकाच काळात, एकाच विद्याक्षेत्रात ही दोन्ही सूत्रे शेजारी नांदत होती ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्रिविध विभागणी

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चार प्रकारांची जागा तीन प्रकारांच्या विभागणीने घेतली. बार्तोलुस (मृत्यू १३५७) आणि त्याचा शिष्य बाल्दुस (१३२७ ते १४००) यांच्या पिढ्यांत ती स्थिरावली. पहिले ‘मनुष्याचे’ गृहीतक (प्रेसुम्प्तिओ होमिनिस), जे न्यायाधीश आपल्या अनुभवावरून काढतो. दुसरे ‘कायद्याचे’ (युरिस), जे कायद्याने सांगितलेले असते, पण उलट पुराव्याने ढळते; रद्द केलेला कर्जरोखा हे त्याचे उदाहरण. तिसरे ‘कायद्याचे आणि कायद्यावरून’ (युरिस एत दे युरे), ज्याविरुद्ध पुरावा घेतलाच जात नाही. गृहीत विवाह आणि अंतिम निकालाने ठरलेली गोष्ट ही त्याची उदाहरणे. या लांबट नावाचा अर्थ आंद्रेआ अल्चातो (१४९२ ते १५५०) याने उलगडून सांगितला: ते कायद्यानेच आणलेले असते म्हणून ‘कायद्याचे’, आणि त्यावर कायदा जणू स्वतः खात्री केल्याप्रमाणे पक्का नियम उभारतो म्हणून ‘कायद्यावरून’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याकोपो मेनोकिओ याने गृहीतके, तर्क, चिन्हे व लक्षणे यांवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात व्यवहारातील शेकडो गृहीतके एकत्र केलेली आहेत. त्यामुळे कोणत्याही वादात दोन्ही वकिलांना आपापल्या सोयीचे एखादे सापडेच.

तिसऱ्या प्रकाराला गृहीतक म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हाही होता. जे खोटे ठरवण्याची परवानगीच नाही ते अनुमान उरत नाही, ते पुराव्याच्या वेशातील कायद्याचे कलमच होय. सुरुवातीस सांगितलेली विधिकल्पिताची सीमा येथे पुसली जाते.

उत्तरकालीन प्रभाव

त्रेंत येथील परिषदेने १५६३ मध्ये विवाहासाठी धर्मगुरू आणि साक्षीदारांची उपस्थिती आवश्यक केल्यामुळे, हा नियम जेथे लागू झाला तेथे गृहीत विवाहाचा पाया गेला. अन्यत्र तो पोप लिओ तेरावा याने १८९२ मध्ये रद्द केला. १९१७ च्या कॅनन संहितेत अखंडनीय गृहीतकांचा वर्ग होता, १९८३ च्या संहितेत तो वगळला आहे. फ्रेंच विधिज्ञ पोतिए याच्या अठराव्या शतकातील लेखनातून ही विभागणी १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेत उतरली आणि तिच्या वळणावर रचलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमार्फत १८७० मध्ये गोव्यात पोहोचली. इंग्लंडमध्ये एडवर्ड कोक याने १६२८ मध्ये गृहीतकांचे प्रबळ, संभवनीय व हलके असे वर्गीकरण केले आणि उदाहरणही तेच रक्ताळलेल्या तलवारीचे दिले.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील ‘गृहीत धरता येईल’, ‘गृहीत धरावे लागेल’ आणि ‘निर्णायक शाबिती’ या तीन पायऱ्या बार्तोलुसच्या वाचकाला सहज ओळखता आल्या असत्या. त्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहेत. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत असल्याचे शाबीत करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे. क्लेमंट तिसरा याने त्याच सात वर्षांना दिलेल्या उत्तराच्या हे नेमके उलट आहे. विवाहकाळात, किंवा विवाह संपल्यापासून २८० दिवसांत, माता अविवाहित असताना जन्मलेले मूल औरस असल्याची शाबिती निर्णायक मानली जाते; त्या काळात पतिपत्नींना परस्परांजवळ जाण्याची संधीच नव्हती असे दाखवले तरच ती ढळते. डीएनए चाचणीचा निष्कर्ष तिच्या विरोधात गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका प्रकरणात विज्ञानाने सिद्ध झालेल्या सत्याला अग्रक्रम दिला. मात्र मुलाचे औरसत्व धोक्यात येत असल्यास अशी चाचणी सरसकट घेऊ देऊ नये, हे धोरण न्यायालयांनी सोडलेले नाही.